गाजर गवतावर मेक्सिकन भुंगे सोडताना: जागेच्या निवडीपासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या गाजर गवत जागृती सप्ताहाच्या सुमारास गावोगावी मेक्सिकन भुंग्यांचे डबे उघडले जातात, छायाचित्रे काढली जातात आणि सप्टेंबर संपता संपता ‘भुंगे टिकलेच नाहीत’ ही तक्रार सुरू होते. अशा जागी जाऊन पाहिले, तर कारण बहुतेक वेळा तिथेच दिसते. कुठे भुंगे फुलोऱ्यावर आलेल्या, निबर झालेल्या गवतावर सोडलेले असतात, कुठे आठवड्याभरात त्याच पट्ट्यावर तणनाशक मारलेले असते, आणि कुठे सगळे नीट जमून आल्यावर मार्च महिन्यात जेसीबी फिरवून माती उलथलेली असते. ‘झायगोग्रामा बायकोलोराटा’, म्हणजे गाजर गवताची पाने खाणारा हा मेक्सिकन भुंगा, आपल्या हवामानाला चांगला सरावलेला आहे. त्याला सोडण्याचे काम अर्ध्या तासाचे असते. त्यानंतर जागा राखण्याचे काम किमान दोन पावसाळ्यांचे असते, आणि या लेखातील बहुतेक सूचना त्या दुसऱ्या कामाविषयी आहेत.

एक मर्यादा सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे. हा उपाय पडीक जमीन, गायरान, कालव्याचा काठ, रेल्वेलगतची पट्टी, मोकळे भूखंड आणि रुंद बांध यांसाठी आहे. उभ्या पिकातील गाजर गवतासाठी तो नाही, कारण तिथे खुरपणी, कोळपणी आणि फवारणी ठराविक दिवसांनी होतच राहते आणि त्या वेळापत्रकात भुंग्याची एक पिढीसुद्धा पूर्ण होत नाही.

आधी भुंग्याचे वेळापत्रक समजून घ्यावे

पुढच्या प्रत्येक टप्प्याचे कारण या वेळापत्रकात आहे, म्हणून ते पाठ असावे. मादी पानांच्या खालच्या बाजूला आणि कोवळ्या शेंड्यांजवळ पिवळसर, लांबट अंडी घालते. साधारण चार ते सहा दिवसांत अंड्यांतून अळ्या बाहेर येतात. लहान अळ्या प्रथम शेंडा आणि पानांच्या बेचक्यातील कोंब खातात आणि मोठ्या झाल्यावर पाने फस्त करतात. दहा ते पंधरा दिवसांनी पूर्ण वाढलेली अळी झाडावरून उतरून मातीत शिरते आणि वरच्या काही सेंटिमीटरच्या थरात कोष करते. आणखी दीड आठवड्याच्या आसपास नवा भुंगा मातीतून वर येतो. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा हा प्रवास पावसाळी हवेत सुमारे एका महिन्याचा असतो; थंडी वाढली की तो लांबतो.

पाऊस ओसरून हवा कोरडी आणि थंड होऊ लागली की, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून, बहुतेक प्रौढ भुंगे जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या मृगाच्या चांगल्या सरी पडून माती भिजली की पुन्हा वर येतात. याचा अर्थ असा की कोषाचे दिवस धरले, तर वर्षाचा निम्म्याहून अधिक काळ हा कीटक मातीत असतो आणि आपल्याला दिसत नाही. ‘दिसत नाही म्हणजे मेला’ ही समजूत या कामातील सर्वांत महागडी चूक आहे.

टप्पा १: भुंगे आधीच आहेत का, ते पाहावे (जून अखेर ते जुलै)

महाराष्ट्राच्या अनेक भागांत हा भुंगा आता आपोआप पसरलेला आहे. त्यामुळे डबे मागवण्याआधी ज्या पट्ट्यात काम करायचे त्या पट्ट्यात आणि त्याच्या आजूबाजूच्या एक-दोन किलोमीटर परिसरात सकाळच्या वेळी फेरी मारावी. दहा-बारा ठिकाणी थांबून प्रत्येक ठिकाणची पाच झाडे शेंड्यापासून खालपर्यंत पाहावीत आणि पान उलटून बघण्यास विसरू नये.

प्रौढ भुंगा पाच-सहा मिलिमीटर लांबीचा असतो. त्याचे डोके तपकिरी असते आणि मळकट पांढऱ्या पंखांवर लांबीच्या दिशेने गडद तपकिरी रेषा असतात. त्यांपैकी काही वळणदार दिसतात. मादी नरापेक्षा थोडी मोठी असते.

ओळखीत होणारी एक चूक फार नुकसान करते. गाजर गवतावर मावा आणि पिठ्या ढेकूण येतात आणि त्यांना खाण्यासाठी ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, येतात. त्यांतील एका जातीच्या पिवळसर पाठीवर नागमोडी काळ्या रेषा असतात, आणि एका शाळेच्या उपक्रमात मुलांनी मेक्सिकन भुंगा समजून डबाभर हेच ढालकिडे गोळा केलेले मी पाहिले आहेत. ढालकिडा घुमटासारखा गोल असतो, तो पाने खात नाही, आणि त्याच्या आसपास मावा किंवा पिठ्या ढेकूण सापडतो. मेक्सिकन भुंग्याजवळची पाने मात्र कडेने कुरतडलेली किंवा जाळीदार झालेली असतात. शंका असेल, तर दोन-चार कीटक बरणीत गाजर गवताच्या स्वच्छ धुतलेल्या कोवळ्या पाल्यावर एक दिवस ठेवावेत. पाला खाल्ला गेला नाही, तर ते आपले भुंगे नव्हेत.

*पडताळणी:* फेरीत बहुतेक थांब्यांवर भुंगे किंवा अळ्या दिसल्या, तर बाहेरून भुंगे आणण्याची गरज नाही. थेट टप्पा ३ वर जाऊन आहे तो पट्टा राखावा. क्वचित एखाद्या थांब्यावरच दिसले किंवा मुळीच दिसले नाहीत, तरच पुढचा खटाटोप करावा.

टप्पा २: जागा निवडावी

भुंगे सोडण्याची जागा म्हणजे ज्या ठिकाणी गवताचा सर्वाधिक त्रास आहे ती जागा, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ती जागा अशी हवी की जिथून भुंगे वाढून बाहेर पसरतील, म्हणजे एक प्रकारचे बेणे-क्षेत्र. त्यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात.

गाजर गवत सलग आणि दाट असावे, निदान चार-पाच गुंठे तरी. विरळ, तुटक झाडांवर सोडलेले भुंगे विखुरतात आणि नर-मादीची गाठ पडणे अवघड होते. जमीन निचऱ्याची असावी; काळ्या भारी जमिनीत जिथे पावसाचे पाणी दोन-तीन दिवस साचून राहते, तिथे मातीतील कोष धोक्यात येतात, म्हणून त्याच जमिनीतील जरा उंचवट्याचा भाग घ्यावा. पुढची दोन वर्षे तिथे नांगरट, खोदकाम, भराव किंवा बांधकाम होणार नाही याची खात्री हवी. जवळच्या पिकावरील कीटकनाशकाची फवारणी वाऱ्याने तिथे येऊ नये. कापूस, तूर किंवा भाजीपाल्याच्या अगदी लगतचा बांध या कारणाने बाद ठरतो.

रस्त्याकडेची पट्टी सर्वांना दिसते, म्हणून कार्यक्रमासाठी तीच निवडली जाते. पण तिथे गवत कापणारे, साइडपट्टी भरणारे आणि केबलसाठी चर खोदणारे कधीही येऊ शकतात. छायाचित्र रस्त्यावर काढावे आणि भुंगे आत, गायरानात सोडावेत.

टप्पा ३: पट्टा राखून ठेवावा आणि संबंधितांना सांगावे

हा टप्पा भुंगे आणण्याच्या आधीचा आहे, नंतरचा नव्हे. निवडलेल्या जागेच्या चार कोपऱ्यांवर दगड रंगवून किंवा खुंट्या ठोकून हद्द आखावी आणि मध्ये एक साधा फलक लावावा: ‘येथे गाजर गवत खाणारे भुंगे सोडले आहेत. गवत कापू नये, फवारणी करू नये, माती उकरू नये, जाळू नये.’ फलकावर वर्ष आणि महिना लिहावा.

त्यानंतर ग्रामसेवक, सरपंच, शेजारचे शेतकरी, गुराखी आणि स्वच्छतेची कामे करणारे मजूर यांना जागेवर नेऊन भुंगा दाखवावा. माझ्या पाहण्यातील एका वसाहतीत पत्रव्यवहार अगदी चोख झाला होता, परंतु प्रत्यक्ष गवत कापणाऱ्या माणसाला कोणीच काही सांगितले नव्हते, आणि त्याने आपले काम नेमाने व मनापासून करून सगळा पट्टा एका सकाळी साफ केला. त्याला दोष देता येत नाही.

*इशारा:* ज्या वर्षी त्या जागेवर सामूहिक उपटणी किंवा तणनाशकाची फवारणी ठरलेली आहे, त्या वर्षी तिथे भुंगे सोडू नयेत. गवत गेले की भुंग्याचे अन्न गेले. उपटणीची मोहीम राखीव पट्ट्याबाहेर जरूर करावी. ते टप्पा ८ मध्ये येईलच.

टप्पा ४: भुंगे मिळवावेत

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परोपजीवी कीटक संशोधन योजनेतर्फे शेतकऱ्यांना हे भुंगे दिले जात आले आहेत, आणि जबलपूरचे तण संशोधन संचालनालयही या कामात आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जूनमध्येच चौकशी करावी. ऑगस्टमध्ये सर्वांची मागणी एकदम येते.

दुसरा आणि अनेकदा अधिक सोपा मार्ग म्हणजे जिथे भुंगे भरपूर आहेत तिथून वेचून आणणे. सकाळी लवकर, दव असताना भुंगे सुस्त असतात आणि शेंड्यावर बसलेले सापडतात. झाडाला धक्का लागला की ते पाय आखडून खाली पडतात, म्हणून झाडाखाली उलटी छत्री किंवा पांढरे कापड धरून शेंडा हलकेच झटकावा. चिमटीत दाबून उचलू नये. एका जागेवरून सगळे भुंगे नेऊ नयेत. निम्म्याहून अधिक तिथेच राहू द्यावेत, म्हणजे पुढच्या वर्षीही ती खाण कायम राहते.

वेचणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे आणि नाका-तोंडावर रुमाल किंवा मास्क वापरावा. गाजर गवतातील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेला खाज व सूज येते आणि परागांमुळे दमा व सर्दी बळावते. ज्यांना आधीपासून दमा किंवा त्वचेची ॲलर्जी आहे, त्यांना या कामावर घेऊ नये, आणि ‘मला कधी काही झाले नाही’ हे उत्तर मान्य करू नये, कारण ही ॲलर्जी अनेकदा वर्षानुवर्षे संपर्क आल्यानंतर अचानक उद्भवते.

किती भुंगे लागतात? एका ठिकाणी ५०० ते १,००० प्रौढ भुंगे, असा अंदाज ठेवावा. येथे एक हिशेब करून पाहावा. चौरस मीटरला फक्त २० झाडे धरली, तरी एका एकरात सुमारे ८० हजार झाडे होतात. आपण सोडलेले ५०० भुंगे ती खाऊन संपवतील ही अपेक्षाच चुकीची आहे. काम करणार आहेत ती त्यांची मुले आणि नातवंडे. म्हणून भुंग्यांच्या संख्येइतकेच ते किती लवकर सोडले जातात यालाही महत्त्व आहे. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सोडलेल्या भुंग्यांच्या पावसाळ्यात तीन पिढ्या होऊ शकतात. ऑगस्टच्या अखेरीस सोडलेल्यांची जेमतेम एक-दोन.

*इशारा:* परदेशातून कोणताही कीटक स्वतः आणणे बेकायदेशीर आहे, मग तो तणभक्षक असला तरी. नव्या कीटकाची आयात केंद्र सरकारच्या परवानगीने, विलगीकरण करून आणि तो इतर वनस्पतींवर जगतो का याच्या चाचण्या झाल्यावरच होते. हा लेख देशात आधीच स्थिरावलेल्या भुंग्यापुरता मर्यादित आहे.

टप्पा ५: भुंगे कमी मिळाले, तर मच्छरदाणीत वाढवावेत

शंभर-दीडशेच भुंगे हाती आले, तर ते लगेच मोकळ्यावर सोडण्यापेक्षा महिनाभर जाळीत वाढवणे शहाणपणाचे ठरते. पुरेसे भुंगे असतील, तर हा टप्पा सोडून द्यावा.

राखीव पट्ट्यातच दोन मीटर लांब-रुंद, कोवळ्या, न फुललेल्या गाजर गवताचा तुकडा निवडावा. चार काठ्या रोवून त्यावर नायलॉनची साधी मच्छरदाणी ताणावी आणि तिची खालची कड मातीत चार बोटे गाडावी. लावण्यापूर्वी आतील झाडांवरील कोळी, मुंग्यांचे वारूळ आणि शिकारी ढेकूण काढून टाकावेत, कारण बंद जागेत एक कोळीही बरेच नुकसान करतो. कीटकनाशकाचा लेप दिलेली मच्छरदाणी चुकूनही वापरू नये. सरकारी वाटपातील मच्छरदाण्या अशा असू शकतात, म्हणून पिशवीवरील मजकूर वाचावा.

आत शंभर भुंगे सोडावेत. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत झाडे अळ्यांनी भरून जातात आणि पाला संपू लागतो. येथेच पुष्कळांची फसगत होते: आतील झाडे निष्पर्ण झाली तरी बाहेरून पाला आणून टाकला जात नाही आणि अळ्या उपाशी मरतात. रोज सकाळी बाहेरचे कोवळे शेंडे कापून, झटकून, आत उभे खोचून ठेवावेत. जुना वाळलेला पाला बाहेर टाकताना त्यावर अंडी-अळ्या नाहीत हे पाहावे.

अळ्या मातीत उतरू लागल्या की आत पाय ठेवू नये. माती ओलसर राहील इतकेच पाणी झारीने द्यावे. चिखल करू नये. नवे भुंगे दिसू लागल्यावर आठवड्याभराने जाळी उचलून घ्यावी. ती उचलणे हेच सोडणे. भुंगे वेचून दुसरीकडे नेण्याची आवश्यकता नसते.

टप्पा ६: वाहतूक आणि सोडणे

रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि त्याच्या झाकणाला बारीक छिद्रे पाडावीत, किंवा झाकणाऐवजी मलमलीचे कापड रबरबँडने बांधावे. तळाशी वर्तमानपत्राचा कागद घालावा, म्हणजे ओल शोषली जाते. एका लिटरच्या डब्यात शंभर-सव्वाशेपेक्षा जास्त भुंगे कोंबू नयेत. मी पहिल्यांदा भुंगे आणले ते पॉलिथिनच्या पिशवीत, ताज्या पाल्यासह गाठ मारून, एसटीच्या खिडकीशी उन्हात. घरी पोहोचेपर्यंत पिशवीत वाफ धरून पाल्याचा लगदा झाला होता आणि त्यात निम्मे भुंगे मेलेले होते.

डब्यात खाद्य म्हणून पाला घालताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली, फुले किंवा बी असलेला शेंडा डब्यात जाता कामा नये. एका झाडाला दहा हजारांहून अधिक बिया येऊ शकतात आणि त्या धुळीसारख्या बारीक असतात. भुंग्यांच्या डब्यातून गाजर गवताचे बी नव्या गावात नेणे ही थट्टाच होईल. दुसरी, पाल्यावर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण नाही हे पान उलटून पाहावे, कारण गाजर गवतावर वाढणारा पिठ्या ढेकूण कपाशीवरही जातो.

प्रवास चोवीस तासांच्या आत संपवावा, डबे सावलीत ठेवावेत आणि बंद मोटारीत उन्हात सोडून जाऊ नये. पोहोचल्यावर डबा उघडून जिवंत भुंगे मोजावेत आणि ती संख्या वहीत लिहावी. किती निघाले याला अर्थ नाही. किती सुटले याला आहे.

सोडण्याची वेळ सायंकाळी, ऊन उतरल्यावर. जोराचा पाऊस चालू असेल किंवा त्या रात्री मोठ्या पावसाचा अंदाज असेल, तर एक दिवस थांबावे; डब्यात ताजा पाला बदलून भुंगे एक दिवस सहज राहतात. गवत गुडघ्याच्या आसपास उंच, कोवळे आणि फुलोऱ्यापूर्वीचे असावे. गाजर गवत उगवल्यापासून महिन्याभरातच फुलू लागते, त्यामुळे ही संधी फार दिवस टिकत नाही.

पट्ट्याच्या मध्यभागी, चार-पाच मीटर व्यासाच्या एकाच वर्तुळात सर्व भुंगे सोडावेत. बी फेकल्यासारखे चालत चालत उधळू नयेत. डबा दाट झाडांच्या बुंध्याशी आडवा ठेवून झाकण काढावे, कागद अलगद फांद्यांवर टेकवावा आणि भुंग्यांना आपण होऊन चढू द्यावे. अर्ध्या तासाने मोकळा डबा परत घ्यावा. मध्यबिंदूवर उंच, ठळक खुंटी रोवावी, कारण ऑगस्टमध्ये गवत डोक्याइतके वाढल्यावर ‘इथेच कुठेतरी सोडले होते’ एवढेच हाती उरते.

*पडताळणी:* दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीभोवतीच्या दहा झाडांवर भुंगे बसलेले आणि पाने कुरतडलेली दिसली पाहिजेत. तिथे मुंग्यांची रांग दिसल्यास जवळपास वारूळ आहे का ते शोधावे. असल्यास उरलेले भुंगे पंधरा-वीस मीटर बाजूला हलवावेत.

टप्पा ७: पहिले साठ दिवस पाहावे, लिहावे आणि हात लावू नये

मध्यबिंदूपासून चारही दिशांना दहा मीटरवर आणि एक मध्यबिंदूजवळ, असे एक मीटर लांब-रुंद पाच चौकोन सुतळीने आखावेत. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक चौकोनातील झाडांची संख्या, फुललेली झाडे, अंडी किंवा अळ्या असलेली झाडे आणि प्रौढ भुंगे मोजून लिहावेत. एक छायाचित्र दर वेळी त्याच खुंटीशेजारी उभे राहून, त्याच दिशेने काढावे. या साध्या नोंदी नसतील, तर वर्षअखेरीस ‘फरक पडला’ आणि ‘काहीच फरक नाही’ असे म्हणणारे दोन्ही गट आपापल्या आठवणीवर भांडत राहतात.

काय दिसावे? पहिल्या दहा दिवसांत अंडी, आणि शेंड्यांत लपलेल्या बारीक अळ्या. दोन आठवड्यांनंतर झाडांचे शेंडे खाल्लेले आणि मोठ्या अळ्या उघड्यावर. त्यानंतर मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अळ्या एकदम दिसेनाशा होतात, जुने भुंगे थोडेच उरलेले असतात आणि खाल्लेल्या झाडांना बाजूने नवी पालवी फुटू लागते. याच आठवड्यात लोकांचा धीर सुटतो आणि पंप पाठीवर चढतो. अळ्या मेलेल्या नसून मातीत कोषात गेलेल्या असतात; अजून आठ-दहा दिवसांनी त्या नव्या पालवीवरच नवे भुंगे बसलेले दिसतात, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक.

*पडताळणी:* चाळिसाव्या दिवशीही पाचही चौकोनांत एकसुद्धा भुंगा, अंडे किंवा अळी नसेल, तरच प्रयत्न फसला असे समजावे. तेव्हा आधी फवारणी, पाणी साचणे आणि मुंग्या या तीन कारणांचा तपास करावा आणि कारण दूर झाल्याशिवाय त्याच जागी पुन्हा भुंगे सोडू नयेत.

सप्टेंबरमध्ये अन्न कमी पडू लागले की भुंगे आपण होऊन पुढच्या गवताकडे जातात. मध्यावरची झाडे निष्पर्ण, काड्यांसारखी उभी आणि त्याभोवती खाल्लेल्या गवताचे वाढते कडे, असे चित्र दिसले तर काम चांगले चालले आहे. निष्पर्ण झाडांपैकी काही पुन्हा फुटतील आणि थोडी फुलतीलही. त्या झाडांवर येणारे बी किती घटले, हे पाहायचे आहे. पहिल्याच वर्षी जमीन मोकळी झाली का, हे नव्हे. मातीत साठलेले बी काही वर्षे उगवत राहतेच.

सूर्यफुलाविषयी

हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलाची पाने खाताना दिसले आणि मोठा गदारोळ झाला. नंतरच्या संशोधनात असे दिसले की शेजारच्या गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडलेले असतात आणि त्या परागांमुळे भुंगा ते पान चाखतो. शंकेश्वरासारख्या याच कुळातील तणावरही तो कधीकधी दिसतो. पिकावर एखाद-दुसरा प्रौढ बसलेला दिसला, तर लगेच प्रादुर्भाव झाला असे समजू नये. त्या पिकावर अंडी आहेत का आणि अळ्या वाढून मोठ्या होत आहेत का, हे पाहावे.

तरीही माझे मत सावधपणाचे आहे. सूर्यफुलाच्या शेतालगत भुंगे सोडू नयेत आणि त्या शेताच्या बांधावरील गाजर गवत फुलण्यापूर्वी हाताने उपटावे. सूर्यफुलावरील नेक्रोसिस या विषाणूजन्य रोगाचे बीज गाजर गवतात दडलेले असते आणि फुलकिडे त्याच्या परागांसोबत ते पिकावर नेतात, त्यामुळे तिथे गाजर गवत राखून ठेवणे कोणत्याही हिशेबाने परवडत नाही.

टप्पा ८: राखीव पट्ट्याबाहेरचे गवत

भुंगे वाढत असताना बाकीच्या परिसरात स्वस्थ बसायचे नसते. जमिनीत वाफसा असताना, फुले येण्यापूर्वी, गवत मुळासकट उपटावे. वरून कापल्यास ते बुडातून पुन्हा फुटते आणि लवकर फुलते. फुलावर आलेले गवत खतासाठी खड्ड्यात टाकताना खत नीट तापून कुजले नाही, तर तेच बी शेतात पसरते, म्हणून फुलोऱ्यापूर्वीचेच गवत खतासाठी घ्यावे. उपटताना त्यावर अळ्या दिसल्या, तर ती झाडे राखीव पट्ट्यात नेऊन उभ्या गवतावर टाकावीत.

मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचे, म्हणजे तरोट्याचे, बी पहिल्या पावसापूर्वी फोकून द्यावे. टाकळा दाट उगवतो आणि गाजर गवताच्या रोपांवर सावली धरतो. त्याचे बी आदल्या हिवाळ्यात, शेंगा वाळल्यावर गोळा करून ठेवावे लागते. मे महिन्यात बाजारात शोधत फिरल्यास ते मिळेलच असे नाही. कोवळ्या टाकळ्याची भाजी करणारी माणसे तो पावसाळ्यात खुडून नेतात, तेव्हा त्यांनाही थोडे सांगून ठेवावे. राखीव पट्ट्याच्या आत मात्र टाकळा पेरू नये. तिथे पुढच्या वर्षी भुंग्यांना गाजर गवतच हवे आहे.

टप्पा ९: नोव्हेंबर ते मे, माती जपावी

या काळात पट्टा उजाड दिसतो. वाळलेल्या काड्या, एखादे ओलाव्याने तगलेले झाड, आणि भुंगा एकही नाही. याच वेळी कोणाला तरी ही जागा साफ करून घेण्याची हुक्की येते. पाच-दहा सेंटिमीटर माती खरवडली, तरी त्यात झोपलेली पुढच्या वर्षाची सगळी पिढी उचलून भरावात जाते. नांगर, वखर, रोटाव्हेटर, जेसीबी, मुरमाचा थर आणि उन्हाळ्यातील जाळपोळ हे सर्व येथे वर्ज्य समजावे. फलक पुसट झाला असल्यास जानेवारीत पुन्हा रंगवावा आणि ग्रामपंचायतीत नवे माणूस आले असेल, तर त्याला जागा पुन्हा दाखवावी.

कालव्याकाठी किंवा पाझराच्या जागी हिवाळ्यातही गाजर गवत हिरवे राहते आणि फुलते. भुंगे त्या वेळी त्याच्या मागे लागणार नाहीत. पट्ट्याबाहेरचे असे गवत हाताने काढावे. पट्ट्याच्या आतील फुललेली झाडे, माती हलणार नाही अशा बेताने, विळ्याने जमिनीलगत कापावीत.

टप्पा १०: दुसरा पावसाळा

मेच्या अखेरीस वळिवाचा एखादा पाऊस पडला की गाजर गवत लगेच उगवते, पण भुंगे माती नीट भिजेपर्यंत वर येत नाहीत. त्यामुळे सुरुवातीचे दोन-तीन आठवडे गवत पुढे आणि भुंगे मागे अशी स्थिती असते. पट्ट्याबाहेर या पहिल्या उगवणीवर खुरपे चालवावे. पट्ट्याच्या आत तिला हात लावू नये, कारण भुकेलेला भुंगा वर येतो तेव्हा त्याला तिथल्या तिथे कोवळा पाला मिळाला पाहिजे.

मृगाचा चांगला पाऊस झाल्यानंतर आठवड्याभराने जुन्याच पाच चौकोनांत पहिली मोजणी करावी आणि जुलैच्या मध्यापर्यंत ती दर आठवड्याला करावी. भुंगे दिसले, तर या वर्षी नवे आणण्याची गरज नाही. उलट जुलैच्या अखेरीस याच पट्ट्यातून काही शेकडा भुंगे वेचून दुसऱ्या जागेसाठी वापरता येतात. त्या दुसऱ्या जागेचे काम पुन्हा टप्पा १ पासून सुरू करावे.

पावसाने मोठी ओढ दिली असेल, तर भुंगे जुलैच्या अखेरीपर्यंतही जमिनीतच थांबू शकतात. अशा वर्षी नव्या भुंग्यांसाठी फोन करण्यापूर्वी दोन दमदार पाऊस होऊ द्यावेत आणि त्यानंतर दहा दिवसांनी पुन्हा एकदा पाने उलटून पाहावीत.